नेट खूप झाली, आता पोरींना मॅच द्या (लॉर्ड्सच्या आधी मनातलं)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोच. 2 नोव्हेंबर 2025 ची महिला वर्ल्ड कप फायनलची रात्र अजून डोक्यातून गेलेली नाही. पावसानं मॅच दोन तास उशिरा सुरू झाली, आमच्या घरात टीव्हीसमोर आम्ही सहा जण आणि शेजारचे चौघं, आई 74 वर्षांची, ती एरवी नऊला झोपते पण त्या रात्री जपमाळ हातात घेऊन बसलेली, आणि दीप्तीच्या बॉलवर कॅप्टन हरमननं मागं पळत जाऊन साउथ आफ्रिकेच्या डी क्लर्कचा कॅच पकडला तसं आईनं माळ खाली ठेवली आणि नुसती रडायला लागली. 52 रन्सनी जिंकलो. पहिला वर्ल्ड कप. आणि ओपनिंगला आमच्या सांगलीची पोरगी, स्मृती मानधना.

पण मला सांगायचंय ते पुढचं. माझी मुलगी 12 वर्षांची आहे, डावखुरी स्पिनर. ती जाते त्या नेटवर, म्हणजे जाळीतल्या सरावाला, दिवाळीआधी 4 मुली होत्या, आता 31 आहेत, सरांना दोन बॅच कराव्या लागल्या. बघून ऊर भरून येतं. आठवड्यातनं पाच दिवस नेट चालते. आणि मॅच किती मिळाल्या, तर जूनपासून आजपर्यंत चार, त्यातल्या दोन मुलांच्या टीममध्ये अकरावी म्हणून. बस.

याचं काय होतं ते परवा डोळ्यांनी बघितलं. पोरगी नेटमध्ये झकास टाकते, टप्पा पडतो, बॉल वळतो. मॅचमध्ये समोरच्या मुलीनं तिला लागोपाठ दोन स्वीप (गुडघा टेकून आडवा फटका) मारले, दोन्ही फाइन लेगला, म्हणजे किपरच्या मागं लेगच्या बाजूला, चौकार. पोरगी थांबली आणि बाउंड्रीबाहेर उभ्या माझ्याकडं बघायला लागली. फील्डर हलवायचा असतो हे तिला माहितीच नाही हो. कसं असणार? नेटमध्ये स्वीप मारला की बॉल जाळीला लागून खाली पडतो, तो चौकार होता की शॉर्ट फाइन लेगच्या (तिथंच जवळ उभ्या फील्डरच्या) हातात जाणारा कॅच हे तिला कोण सांगणार? तिसराही तसाच गेला. घरी येईपर्यंत गाडीवर मागं बसून एक शब्द बोलली नाही.

स्मृती नऊ वर्षांची असताना महाराष्ट्राच्या अंडर-15 मध्ये आली, अकराव्या वर्षी अंडर-19 मध्ये. वडील आणि भाऊ दोघंही जिल्ह्याकडनं खेळलेले, म्हणजे घरातच क्रिकेट. 2013 मध्ये गुजरातविरुद्ध 150 बॉलमध्ये नाबाद 224 केले तेव्हा ती 17 वर्षांची होती. एवढा वेळ क्रीजवर उभं राहायची सवय मॅचमध्येच लागते. आता जून 2026 मध्ये इंग्लंडला टी20 वर्ल्ड कप आहे आणि फायनल लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर. मला ती ट्रॉफी पाहिजेच पाहिजे. पण त्याहून जास्त पाहिजे ते पुढच्या दहा वर्षांची टीम, आणि ती तालुक्यातल्या मॅचमधनं येणार असं मला ठामपणे वाटतं. तुमच्याकडं काय परिस्थिती आहे?

हार्बरलाइन

कृष्णाकाठ, वाचून अंगावर काटा आला. मी सेमीलाही होतो आणि फायनललाही, डी. वाय. पाटीलला वरच्या स्टँडमध्ये. फायनल संपली तेव्हा बारा वाजून गेलेले, नेरूळ स्टेशनपर्यंत माणसं नाचत चालली होती, माझी लोकल चुकली आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

सेमीचं सांगतो कारण तुमच्या मुद्द्याशी संबंध आहे. ऑस्ट्रेलियाचे 338, आणि जेमिमा रॉड्रिग्ज तिसऱ्या नंबरला आली. हीच जेमी इंग्लंडच्या मॅचला बाहेर बसलेली होती! 82 वर ऑस्ट्रेलियाच्या हीलीनं तिचा कॅच सोडला. शेवटी शेवटी तिचा निळा शर्ट मातीनं माखलेला, पाय ओढत पळत होती, पण एक रन सोडत नव्हती. नाबाद 127. हरमनबरोबर 167 ची पार्टनरशिप. आमच्या पुढच्या रांगेत दहाएक वर्षांच्या दोन बहिणी होत्या, त्या प्रत्येक रनला वहीवर रेघ ओढत होत्या, अमनजोतनं विनिंग चौकार मारला तेव्हा वही हवेत उडवली आणि मग खुर्च्यांखाली शोधत बसल्या.

तर मुद्दा असा की हे धावणं, गॅप बघणं, दोनचे तीन कधी होतात ते ओळखणं हे मॅचमध्येच येतं. जेमी मुंबई अंडर-19 कडून 2017 मध्ये सौराष्ट्रविरुद्ध नाबाद 202 काढून बसलेली आहे, शिवाय हॉकी पण महाराष्ट्राकडून खेळलेली, त्यामुळे पळण्याची सवय. मुंबईत मुलींना तरी बरं आहे, मैदानं जवळ, टीम्स जास्त. सांगली-मिरजेच्या मुलींनी काय करायचं हा खरा प्रश्न आहे.

लेगस्लिप

धागा चांगला आहे पण थोडं वेगळं मत मांडतो. जिंकल्यावर सगळं छान वाटतं, आपण त्याच स्पर्धेत सलग तीन मॅच हरलो होतो हे विसरू नका. साउथ आफ्रिका, मग ऑस्ट्रेलियानं विशाखापट्टणमला आपले 330 चेस केले, मग इंदूरला इंग्लंडकडून 4 रन्सनी. ती इंदूरची मॅच हातात होती हो, स्मृती 88 ला गेली आणि सगळं फिसकटलं.

माझी काळजी फास्ट बोलिंगची आहे. इंग्लंडमध्ये जूनमध्ये बॉल हलणार, आपल्याकडं रेणुका आहे, क्रांती गौड आहे, अमनजोत आहे, पण रेणुका आणि पूजा वस्त्राकर दोघींनाही दुखापतींनी किती छळलंय बघा. शेवटच्या चार ओव्हर कोण टाकणार याचं उत्तर दरवेळी दीप्ती आणि श्री चरणी असं स्पिनमध्येच निघतं. श्री चरणीनं वर्ल्ड कपमध्ये 14 विकेट काढल्या, कौतुक आहेच, पण टी20 मध्ये बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टनला छोट्या बाउंड्रीच्या बाजूला स्पिन टाकणं सोपं नाही. मॅच वाढवा हे मान्य, पण पोरींना लहानपणापासून जोरात टाकायला शिकवणारे कोच कुठं आहेत? आपल्याकडं मुलगी आली की सर म्हणतात तू स्पिन टाक. मी स्वतः तीन ठिकाणी हे ऐकलंय.

वहीपेन

लेगस्लिपदादा, तुमचं म्हणणं खरं आहे, आणि त्याचं कारणही तेच आहे जे धाग्यात आलंय. नेटमध्ये जागा आणि वेळ कमी, बावीस मुली रांगेत, रनअप घ्यायला मागं जागाच नसते, मग सर सगळ्यांना दोन पावलात बॉल टाकायला लावतात. क्रांती बघा ना, मध्य प्रदेशात छतरपूर जिल्ह्यातल्या घुवारा गावची, गावातल्या पोरांच्यात टेनिस बॉलनं खेळून मोठी झाली. तिला मोकळं मैदान आणि पूर्ण रनअप मिळाला. जुलै 2025 मध्ये इंग्लंडमध्ये 52 रन्समध्ये 6 विकेट काढल्या तिनं. म्हणजे इंग्लंडची काळजी थोडी कमी करा :-)

मी पुण्याकडं वीसेक वर्षं स्कोअरिंग करते. तुम्हाला एक माहितीये का, मुलींची पहिली आंतरराज्य स्पर्धा 1973 च्या एप्रिलमध्ये पुण्यातच झाली होती, तीनच टीम होत्या, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. बीसीसीआयकडं महिला क्रिकेट आलं 2006 मध्ये. मधली तेहतीस वर्षं त्या बायकांनी कशी काढली असतील! फायनल जिंकल्यावर हरमननं ट्रॉफी झुलन, मिताली, अंजुम या जुन्या खेळाडूंच्या हातात दिली तेव्हा मला जुन्या कॅप्टन डायना एडलजींपासून सगळ्या जणी आठवल्या.

आता माझा अनुभव. मागच्या हंगामात एका मैदानावर (नाव घेत नाही) मुलींची दिवसभराची मॅच होती आणि टॉयलेटला कुलूप. किल्ली कुणाकडं तर कुणालाच माहीत नाही. मुली सकाळी साडेसातला आलेल्या, उन्हात 35 ओव्हर फील्डिंग केलेली, आणि पाणी प्यायला तयार नाहीत, कारण प्यायलं तर जायचं कुठं. एका 14 वर्षांच्या मुलीला चक्कर आली. मी माझ्या वहीत 28 व्या ओव्हरसमोर तशी नोंद केलीय, ती वही अजून माझ्याकडं आहे. मॅच वाढवायच्या तर हे आधी करा असं मी जीव तोडून सांगते.

वऱ्हाडी_मिरची

वहीपेन ताई, वाचून डोळे भरले. आमच्या अमरावतीकडं पण हेच हाय.

पण थोडं चांगलं बी सांगतो. किरण नवगिरेनं ऑक्टोबर 2025 मध्ये नागपुरात पंजाबविरुद्ध 34 बॉलमध्ये शंभर ठोकले. चौतीस! महिलांच्या टी20 मध्ये जगात कुणीच एवढ्या लवकर केले नव्हते. सोलापूर जिल्ह्यातली शेतकऱ्याची पोट्टी, आधी भालाफेक करायची, क्रिकेट उशिरा धरलं. नागालँडकडून खेळताना एकदा नाबाद 162 केले होते तिनं. आता मला सांगा, एवढं मारणारी टी20 वर्ल्ड कपच्या टीममध्ये नको का? शेफाली, स्मृती, जेमी, हरमन, रिचा आणि वरून किरण, बॉलर पाहूनच घाबरते.

आमची भारती फुलमाळी पण हाय, अमरावतीची, 2019 मध्ये इंडियाकडून दोन मॅच खेळून बाहेर गेली ते पुढं कितीक वर्षं धडपडतच होती. अशा पोट्ट्या किती असतील ज्यांना एक-दोन मॅच मिळाल्या आन् मग कुणी विचारलंच नाही. तुमचा मुद्दा तिथं पण लागू पडते भाऊ, वरच्या लेव्हलला बी.

जास्वंद

किरण नवगिरेला +1. पण मी आई म्हणून लिहितेय. खरी गळती होते ती दहावीला. माझी मोठी मुलगी जिल्ह्याच्या संभाव्य यादीत होती, विकेटकीपर, नववीपर्यंत रोज पहाटे पाचला उठून जायची. दहावी आली, क्लास लावला, सासरच्या मंडळींनी आणि खरं सांगायचं तर मी पण म्हटलं की एक वर्ष थांब. ते एक वर्ष तिसऱ्या वर्षावर गेलं. फायनलच्या रात्री रिचानं 24 बॉलमध्ये 34 मारले तेव्हा ती माझ्या शेजारी बसली होती, काही बोलली नाही, नंतर कपाटावरचे ग्लोव्हज काढून हातात घालून बघत होती. लहान होतात आता तिला.

म्हणून मला वाटतं मॅचबरोबर दहावी-बारावीच्या मुलींना सांभाळून घेणारं वेळापत्रक पाहिजे. आणि पुढं काय हे दिसलं पाहिजे. पूर्वी रेल्वेची नोकरी हेच एक उत्तर होतं, म्हणून तर रेल्वेची टीम वर्षानुवर्षं सगळ्यांना हरवायची. आता डब्ल्यूपीएल (महिलांची प्रीमियर लीग) आहे, 2023 च्या पहिल्या लिलावात स्मृतीला 3 कोटी 40 लाख मिळाले, मॅच फी 2022 पासून पुरुषांइतकी. पण पाच टीम, प्रत्येकीत जेमतेम अठरा जणी. बाकीच्या शेकडो मुलींना घरच्यांना काय सांगायचं?

लेगस्लिप

जास्वंद ताई, तुमच्या मुलीला अजून वेळ आहे असं मनापासून म्हणतो. किपर कुठंही कमीच असतात.

वहीपेन, रनअपचा मुद्दा डोक्यात आला नव्हता. पटला. मी राहतो तिथल्या नेटमध्ये पण हेच आहे, मागं भिंत.

बर्मिंगहॅमकर

मी 23 जुलै 2017 ला, इंग्लंडविरुद्धच्या वर्ल्ड कप फायनलला, लॉर्ड्सवर होतो. त्या दिवसाचं ओझं आठ वर्षं छातीवर घेऊन फिरलो आहे. 229 चं टार्गेट, पूनम राऊत काय खेळत होती, बोरिवलीची पोरगी लॉर्ड्सवर, 86 वर आली, आपण 3 बाद 191. आमच्या स्टँडमध्ये ढोल सुरू झाला होता. इंग्लंडच्या श्रबसोलनं पूनमला एलबी केलं आणि तिथून 28 रन्समध्ये सात विकेट. 9 रन्सनी हरलो. ढोलवाला मुलगा ढोल मांडीवर घेऊन तसाच बसून राहिला, मैदान रिकामं होईपर्यंत. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, दोघांनाही बोलता येईना.

आता 5 जुलै 2026 ला फायनल त्याच लॉर्ड्सवर आहे. आपली पाकिस्तानशी मॅच 14 जूनला एजबॅस्टनला, माझ्या घरापासून बसनं पंचवीस मिनिटं, तिकिटं काढून ठेवलीत. फायनलची पण काढलीत, इंडिया पोचणार या भरवशावर. हरमन आणि दीप्ती त्या 2017 च्या टीममध्ये होत्या, स्मृती होती आणि शून्यावर बोल्ड झाली होती. त्यांनी तिथं परत उभं राहून तो कप उचललेला मला बघायचाय. टी20 चा कप आपण एकदाही जिंकलेला नाही, 2020 ला मेलबर्नला 86 हजार लोकांसमोर 85 रन्सनी हरलो, शेफाली तेव्हा 16 वर्षांची होती आणि रडत होती. तीच शेफाली या वेळी प्रतिका रावलला दुखापत झाली म्हणून सेमीच्या आधी ऐनवेळी टीममध्ये आली आणि फायनलला 87 रन्स, शिवाय दोन विकेट. अशी परतफेड करणारी टीम आहे ही.

हार्बरलाइन

शेफालीवरून आठवलं, हरमननं तिला बॉल दिला तेव्हा आमच्या स्टँडमध्ये सगळे एकमेकांकडं बघायला लागले होते. तिनं लूसला आणि कापला काढलं आणि मॅच फिरली. कॅप्टनला आतून वाटलं आणि तिनं दिला.

हरमनचा जन्म 1989 चा. टी20 वर्ल्ड कपनंतर स्मृतीकडं कॅप्टन्सी द्यावी का? माझ्या मते हो, पण इंग्लंडला हरमनच पाहिजे.

कृष्णाकाठ

स्मृतीला कधी ना कधी मिळणारच, घाई नको. सांगलीकर असून सांगतोय, लॉर्ड्सवर हरमनच्याच हातात कप पाहिजे. 2017 च्या सेमीला नाबाद 171 मारून टीमला तिथं तिनंच पोचवलं होतं.

मैदानावरचा_मामा

आत्ता वाचला धागा. वर्ल्ड कप जिंकलेल्या या टीमचे कोच अमोल मुझुमदार, त्यांचं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणून लिहितो. 1988 ला आझाद मैदानावर सचिन-विनोदची 664 ची पार्टनरशिप चालली होती तेव्हा पुढचा बॅट्समन म्हणून हा पॅड बांधून बसलेला. दिवस संपला, दुसरा दिवस संपत आला, बॅटिंग आलीच नाही. पुढं रणजी पदार्पणात 260, फर्स्ट क्लासमध्ये 11,167 रन्स, 30 शतकं, आणि इंडियाची कॅप एकदाही नाही. फायनलनंतर हरमन त्यांच्या पाया पडली ते मी दहादा बघितलंय.

त्या माणसाला मॅच न मिळणं म्हणजे काय हे माहीत आहे. आचरेकर सर एका दिवसात सचिनला दोन-दोन, तीन-तीन मैदानांवर मॅच खेळायला न्यायचे, हे आपल्याला पाठ आहे, मग मुलींच्या बाबतीत आपण नेटवर का थांबतो? आता बीसीसीआयची मुलींची अंडर-15 वन डे स्पर्धा आहे, अंडर-19 चा वर्ल्ड कप आपण 2023 आणि 2025 दोन्ही वेळा जिंकलो, 2025 च्या टीमची व्हाइस कॅप्टन सानिका चाळके मुंबईची, भाविका अहिरे आणि ईश्वरी अवसरे महाराष्ट्राच्या. त्याच टीमची वैष्णवी शर्मा, जिनं मलेशियाविरुद्ध हॅटट्रिकसकट 5 रन्समध्ये 5 विकेट घेतल्या, ती डिसेंबरमध्ये सीनियर टीममध्ये आली पण. म्हणजे वरची पायरी तयार आहे. खालची नाही. राज्य सरकारनं स्मृती, जेमिमा आणि राधा यादवला सव्वादोन-सव्वादोन कोटी दिले, हक्काचे आहेत, आनंदच आहे. आता तालुक्याला एक मुलींसाठी टर्फ विकेट आणि हंगामाला प्रत्येकीला वीस मॅच, एवढं मागणं आहे.

कृष्णाकाठ, तुम्ही सांगलीचे, मी कराडचा. माझ्याकडं 14 मुली आहेत, 10 ते 15 वयाच्या. बोला.

कृष्णाकाठ

मामा, काय बोलू! आमच्या सरांना आत्ता फोन केला. ते म्हणतात मैदान आम्ही देतो, या महिन्याच्या शेवटच्या रविवारी. 30-30 ओव्हर ठेवूया का?

मैदानावरचा_मामा

30 चालेल. पण प्रत्येक मुलीला बॅटिंग मिळालीच पाहिजे, 25 बॉल झाले की रिटायर, शेवटी परत येता येईल. आणि बोलरनं फील्ड स्वतः लावायची, बाहेरून सर-पालक कुणी ओरडायचं नाही.

वहीपेन

मी येते स्कोअरिंगला, पुण्याहून पहाटेची एसटी धरून. बॉल मुलींचा 142 ग्रॅमचाच आणा, मुलांचा जड बॉल दिला की लहान मुलींच्या बोटात बसत नाही आणि मग स्पिनर उगाच फुलटॉस टाकतात. बाउंड्री 45 मीटरवर घ्या. आणि टॉयलेटची किल्ली आदल्या दिवशी कुणाच्या हातात आहे ते इथं लिहा, तोवर मी तिकीट काढत नाही.

जास्वंद

मी कोल्हापूरला असते. मोठीला विचारलं. म्हणाली कीपिंग करायला नाही, पण लहान मुलींना स्टंपमागं कसं बसायचं ते दाखवायला येईन.

कृष्णाकाठ

ताई, नक्की आणा तिला. आमच्याकडं किपरच नाही.

वहीपेन ताई, किल्ली माझ्याकडं आहे. आज संध्याकाळी जाऊन कुलूप उघडून बघितलं, नळाला पाणी नव्हतं, प्लंबरला उद्या सकाळी बोलावलंय. रिपोर्टिंग साडेसातला, टॉस आठ. नाश्त्याला पोहे आमच्याकडून. मामा, तुमच्याकडच्या मुलींपैकी लेगगार्ड कुणाकुणाला नाहीत ते उद्यापर्यंत कळवा, आमच्याकडं लहान साइजचे तीन जोड जास्त आहेत.

आणि मुलीनं जेवणाच्या ताटाभोवती वाट्या मांडून फील्ड लावून दाखवली आत्ता. शॉर्ट फाइन लेग ठेवलाय तिनं.